तिसऱ्या पानाचा प्रामाणिक माणूस

लबाड माणसाशी भांडायला मला येतं. पंचवीस वर्षं दुसरं काही केलेलं नाही. लबाड माणूस नजर चुकवतो, उगाच आवाज चढवतो, मधेच फोन आल्याचं सोंग करतो. तिथे बोट घालायचं आणि शिवण उसवत न्यायची. पण समोरचा माणूस खरोखर प्रामाणिक असेल, आणि त्याच प्रामाणिक हातांनी त्याने तुमचं वाटोळं केलेलं असेल, तर काय करायचं? ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांच्यापुढे माझी ही विद्या चालली नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही. राग गेल्यावर लिहायला बसेन म्हटलं तर हे कधीच लिहून होणार नाही.

आमच्या शहरात एकच दैनिक निघतं. त्यात ते पान लावतात. म्हणजे बातम्या, फोटो आणि जाहिराती संगणकावर जागच्या जागी बसवायच्या आणि पान छपाईला धाडायचं. पान नंबर तीन, शहराच्या बातम्यांचं. बावीस वर्षं तेच पान. वडील त्याच छापखान्यात मशिनवर होते, उजव्या हाताची दोन बोटं तिथेच ठेवून निवृत्त झाले. मुलगा एकोणिसाव्या वर्षी मुद्रितं तपासायला लागला. संगणक आले तेव्हा जुनी माणसं हात वर करून घरी गेली. हा जेवणाच्या सुटीत बसून तीन आठवड्यांत सगळं शिकला.

ऑफिसात त्यांना 'फूटपट्टी' म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि त्यांना ते आवडतं. टेबलावर स्टीलची लांब पट्टी असते. निवडणूक लागली की रोज सकाळी छापलेल्या पानावर पट्टी ठेवून कुणाला किती जागा गेली ते मोजतात. काल याला दोन सेंटिमीटर जास्त गेले, तर आज त्याला दोन जास्त द्यायचे. फोटो प्रत्येकाचा एक कॉलम रुंद, वर नाही की खाली नाही. संपादकांनी सांगितलेलं नाही, मालकांनी सांगितलेलं नाही. आपल्या मनाने करतात. एका वर्षी आमच्या नगरसेवकाच्या माणसाने त्यांच्या घरी भिंतीवरचं घड्याळ पाठवलं. घड्याळ काखेत मारून हे पायी त्याच्या बंगल्यावर गेले, परत दिलं, आणि परत दिल्याची पोच लिहून घेतली! असा माणूस. कुणी त्यांच्याबद्दल वाकडं बोललं तर मीच भांडले असते.

आता नगरसेवकाचं. त्याला मी फीतसाहेब म्हणते. दहा वर्षांत त्याने आमच्या प्रभागात जेवढ्या फिती कापल्या तेवढे नळ लावले असते तर घरोघरी कारंजी उडाली असती. त्याच्याविरुद्ध आम्ही, मोर्चे काढणाऱ्या प्रभागातल्या बायांनी, उभं केलं नर्सबाईंना. आमच्या प्रभागात नगरपालिकेचा तीन खोल्यांचा दवाखाना होता, तिथे त्यांनी एकतीस वर्षं काढली. तो लांब हलवून, खोल्या पाडून तिथे गाड्या लावायची इमारत बांधायचा ठराव येणार होता. सभागृहात दोन्हीकडची मतं काठावर होती. आमच्या प्रभागाची एक जागा फिरली की दवाखाना वाचणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. नर्सबाई निवृत्त होऊन आठ महिने झाले होते. म्हणाल्या, "मला भाषण येत नाही." मी म्हटलं, "भाषण मी करते. तुम्ही फक्त उभ्या राहा. निम्म्या प्रभागाला तुम्ही सुई टोचलीय, लोक ओळखतात."

लोक ओळखतात म्हणे. माझी अक्कल!

प्रचाराचे अठरा दिवस होते. तेराव्या दिवशी मी एका निवृत्त बसड्रायव्हरच्या दारात उभी होते. साखरेच्या आजाराने त्याच्या पायाला जखम झाली होती. पाय कापायची वेळ आलेली, आणि नर्सबाईंनी चार महिने एक दिवस न चुकवता पट्टी बदलून तो वाचवला. मी म्हटलं, हे घर तर आपलंच.

"बाई मनाने चांगली आहे हो," तो म्हणाला. "पण सभागृहात थंड डोक्याचं माणूस पाहिजे. हिचं तोंड कधी मिटतच नाही."

"काका, चार महिने तुमच्या पायाशी बसली ती. कधी ओरडली?"

"माझ्यावर नाही ओरडली."

"मग कुणावर ओरडताना ऐकलंत?"

"ऐकलं नाही. पण दिसतंय ना."

"कुठे दिसतंय?"

"पेपरात. रोज."

खरं सांगते, त्याच्या दोन्ही पायांवर उभा राहून तो हे बोलत होता, आणि मला त्याला तिथेच खाली बसवावंसं वाटलं. पण हेच मला आधीच्या दहा-बारा घरांत ऐकू आलं होतं. 'भांडकुदळ' हा शब्द तर तीन ठिकाणी. मी समजत होते फीतसाहेबाची माणसं पुड्या सोडताहेत. घरी आले, दुपारभर जमिनीवर तेरा दिवसांचे पेपर पसरून बसले, आणि माझं डोकं भणाणलं.

नर्सबाईंची बातमी अकरा वेळा आली होती. अकराही वेळा फोटो तोच. तोंड वासलेलं, केस सुटलेले, मानेच्या शिरा ताणलेल्या, एक बोट पुढे. बातमी काय, तर 'नर्सबाईंनी ज्येष्ठांसाठी तपासणी शिबिराचे आश्वासन दिले.' वर फोटो असा की शिबिराला गेलात तर चावतील. फीतसाहेबाचीही अकराच वेळा. पण फोटो अकरा वेगळे: शाळेतल्या मुलींबरोबर, रोपाला पाणी घालताना, एका आजीचा हात हातात घेऊन. अकराही वेळा हसरा.

तो फोटो कधीचा ते मला माहीत होतं, कारण मी तिथे होते. मार्चमध्ये दवाखान्याचं पाणी तोडलं. आम्ही चाळीसेक बाया पाणीखात्याच्या ऑफिसात गेलो. हाताला प्लास्टर घातलेली एक म्हातारी पहिल्या पायरीवर चढली, आणि तिथल्या रखवालदाराने तिच्या खांद्याला धरून तिला खाली ढकललं. नर्सबाई ओरडल्या त्या तेव्हा. "हात काढ! हाड मोडलेलं आहे तिचं!" बस. एकतीस वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला तो तेवढाच. पेपरवाल्यांचा फोटोग्राफर नेमका तिथे. आणि आता पेपरात ना म्हातारी, ना रखवालदार. नुसतं तोंड.

कात्रणं पिशवीत कोंबून मी पेपरच्या ऑफिसात गेले. पाचचा सुमार. फूटपट्टी संगणकापुढे, चष्मा कपाळावर.

"या ताई, बसा. चहा विचारत नाही, निवडणूक आहे."

"चहा ठेवा तुमच्या बापाच्या छापखान्यात!" मी कात्रणं त्यांच्या टेबलावर ओतली. "हे काय चालवलंय?"

त्यांनी कात्रणं नीट केली, तारखेप्रमाणे लावली. मग पट्टी काढली. माझ्यासमोर, एकेक करून, दोघांची अकरा-अकरा मोजली. मला वाटलं हा माणूस माझी थट्टा करतोय. नव्हता करत.

"एकूण जागा बघा. नर्सबाईंना साडेतीन सेंटिमीटर जास्तच गेलीय. उद्या कमी करणार होतो, पण राहू दे."

"मी जागा विचारली का? फोटो बघा ना!"

"एक कॉलम. सगळ्यांना एक कॉलम."

"अहो, त्याचा हसरा आणि हिचा ओरडता!"

"आमच्याकडे त्यांचे तीनशे फोटो आहेत ताई. दर कार्यक्रमाला बोलावतात, फोटोग्राफर जातो. बाईंचा एकच आहे. मी काय घरी बसून काढू?"

"अर्जाबरोबर दिला होता आम्ही फोटो."

"तो ओळखपत्राचा. एवढासा. मोठा केला की चेहऱ्याचा चिखल होतो. छपाईला चालत नाही."

"मग कळवायचं!"

चष्मा नाकावर ओढून ते संगणकाकडे वळले. कळवायचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. नाव टाकलं की संगणकात जो फोटो पुढे येतो तो उचलायचा, बसवायचा, पुढचं पान. त्या दोन मिनिटांच्या कामात नर्सबाई रोज भांडत होत्या.

मी म्हटलं, आत्ता पाठवा फोटोग्राफर. फोटोग्राफर म्हणाला, संपादक सांगतील तर जातो. संपादक काचेच्या खोलीतून बाहेर आले, सगळं ऐकलं आणि गोड हसले.

"एकाच उमेदवाराचा खास फोटो काढायला माणूस पाठवला तर तो पक्षपात होईल हो. उद्या बाकीचे विचारतील, आमचा का नाही? नियम सगळ्यांना सारखा."

"वा! चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर फाशीचा दोर सारख्याच लांबीचा."

"ताई, आवाज," संपादक म्हणाले.

फूटपट्टी माझ्याकडे बघत नव्हते. मी निघाले तेव्हा एवढंच म्हणाले, "बावीस वर्षांत मी कुणाची बाजू घेतलेली नाही. कुणालाही विचारा." आणि ते खरं होतं. त्याचाच तर संताप येत होता. त्यांनी शत्रुत्वाने केलं असतं तर मी चार लोकांत त्यांचे कपडे उतरवले असते. इथे कुणाचे उतरवायचे?

पुढचं मला त्यांच्या बायकोने सांगितलं. तिचं इस्त्रीचं दुकान आहे, वरच्या दोन खोल्यांत घर. त्याच संध्याकाळी हे घरी गेले, जेवायला बसले, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "मत कुणाला देणार?"

"साहेबांनाच. दुसरं आहे कोण?"

"नर्सबाई आहेत की. आपल्या लेकीला कावीळ झाली होती तेव्हा रोज घरी यायच्या."

"हो, तेव्हा किती शांत होत्या. आता बघा ना कशा झाल्यात. बाईमाणसाने इतकं तोंड टाकू नये. सत्तेची हाव लागली की असंच होतं."

"तुला कुणी सांगितलं असं?"

"सांगायला कशाला पाहिजे? मी दुसरं काय वाचते? तुम्ही लावलेलं पान तेवढं वाचते."

ती म्हणाली, "ताई, त्यांनी पाणी प्यायला घेतलेला पेला तसाच हातात धरून ठेवला. मला वाटलं भाजी बिघडली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी संगणकातून मूळ फोटो शोधून काढला, कापायच्या आधीचा. त्यात सगळं होतं: म्हातारी, प्लास्टर, रखवालदाराचा पंजा. कापला होता त्यांनीच, मार्चमध्ये, एका कॉलमात बसावा म्हणून. चेहरा मधोमध येईल असा. कसबाने. तोच तुकडा नर्सबाईंच्या नावाने जपून ठेवला, पुन्हा कापायला लागू नये म्हणून. हे त्यांनी मला पुढे स्वतः सांगितलं, आणि सांगताना एक शब्द सावरून घेतला नाही. तेवढं श्रेय देते.

ते संपादकांकडे गेले. हा पूर्ण फोटो छापू या म्हणाले. संपादक म्हणाले, जुनी घटना आता उकरली तर तो प्रचार. मग दुसरा फोटो तरी काढू द्या, असं हे म्हणाले. संपादकांचं तेच, नियम सारखा. पालथ्या घड्यावर पाणी. मग त्यांनी जे केलं ते त्यांच्या जन्मात केलं नव्हतं. मतदान रविवारी होतं. गुरुवारी सकाळी कामावर जाण्याआधी ते नर्सबाईंच्या दारात उभे राहिले. ओटीवर त्या एका म्हाताऱ्याचा रक्तदाब तपासत होत्या. यांनी खिशातला फोन काढला, न बोलता तीन फोटो घेतले, आणि गेले. नर्सबाईंना वाटलं विमावाला असेल.

शुक्रवारच्या पेपरात तो फोटो आला. एक कॉलमच. खाली मान, कानाला नळ्या, डोळे रक्तदाबाच्या काट्यावर. मी तो पेपर घेऊन निवृत्त ड्रायव्हरच्या दारात गेले. त्याने बराच वेळ बघितला आणि म्हणाला, "हं. अशीच बसायची." मला वाटलं, फिरतंय.

दहा वाजता फीतसाहेबाची पंधरा माणसं पेपरच्या ऑफिसात घुसली. "इतके दिवस हिचा असा फोटो नव्हता, आज कुठून उगवला? कितीला विकलात पान?" ज्या माणसाने घड्याळ परत करून पोच घेतली त्याला हे! संपादकांनी फूटपट्टींना सगळ्यांसमोर विचारलं, "कुणाला विचारून लावलात?"

"बावीस वर्षांत मी फोटो कुणाला विचारून लावलाय? ओरडता लावत होतो तेव्हा तुम्ही विचारलंत का?"

बावीस वर्षांत पहिल्यांदा आवाज चढला, असं फोटोग्राफर सांगतो. संपादकांनी त्यांना मतदान होईपर्यंत रजेवर बसवलं. तिसरं पान आठवड्यापूर्वी लागलेल्या एका मुलीकडे दिलं. आणि फीतसाहेबाचं तोंड बंद व्हावं म्हणून शनिवारी दिलगिरी छापायची ठरली. चार ओळी, चौकटीत: 'काल एका उमेदवाराचे प्रचारकी स्वरूपाचे छायाचित्र अनवधानाने प्रसिद्ध झाले.' चौकट जरा रिकामी दिसत होती. कोणता उमेदवार ते वाचकांना कळावं म्हणून त्या मुलीने नाव टाकलं, संगणकाने जो फोटो पुढे केला तो उचलला आणि शेजारी बसवला.

तोंड वासलेलं, केस सुटलेले, बोट पुढे. आणि बाजूला पेपर माफी मागतोय. बघणाऱ्याने काय समजायचं? बाईने काहीतरी काळंबेरं केलं आणि पेपरला माफी मागायला लागली. शनिवारी मी सत्तर घरं फिरले, सत्तर ठिकाणी तेच. "काय झालं हो? काय केलं तिने?" मी समजावत सुटले, आणि समजावताना माझाही आवाज चढलेला, म्हणजे त्यांचं म्हणणं खरंच ठरत होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

त्या पोरीला मी नंतर भेटले. रडली. तिचा दोष नाही. संपादकांनी दोन्ही बाजूंचं ऐकलं, त्यांचाही नाही. फोटोग्राफर सांगतील तिथे जातो. संगणक तर निर्जीवच. कुणाचाच दोष नाही, आणि एकसष्ट मतांनी नर्सबाई पडल्या. एकसष्ट! दोन गल्ल्यांतली कुंपणावरची माणसं.

फूटपट्टींच्या बायकोने मत कुणाला दिलं ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

निकालानंतर सहा आठवड्यांनी ठराव आला. एका मताने मंजूर. ते एक मत कुणाचं ते सांगायला नको. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याचं सामान उचलायला गाडी येणार होती. आम्ही नर्सबाईंच्या ओटीवर बसलो होतो, तेव्हा फूटपट्टी आले. इस्त्रीचा शर्ट, हात मागे बांधलेले. शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखे पायरीखाली उभे.

"बाई, मी माफी मागायला आलोय."

मी तोंड उघडणार तेवढ्यात नर्सबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"कशाची?" त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी कुणी म्हातारीला ढकलायला लागलं ना, तर आधी इकडेतिकडे बघेन. कुणी फोटो काढत असेल तर ओठ मिटून उभी राहीन. पडू देईन तिला. मग चालेल तुमच्या पानाला?"

हे सगळं त्या हळू आवाजात बोलल्या, ताप विचारावा तसं. फूटपट्टी एक पाऊल मागे सरकले. मला वाटलं आता जातील.

"आता आलाच आहात तर ऐका," नर्सबाई म्हणाल्या. "उद्या नऊला गाडी येणार. यायचं तर या."

आले. आम्ही सत्तावीस जण गाडीपुढे बसलो होतो, ते अठ्ठाविसावे. पोलिसांनी एकेकाला दंडाला धरून बाजूला केलं; त्यांच्या शर्टाचा खिसा फाटला. तपासणीचं टेबल गेलं, बाळं तोलायचा काटा गेला, औषधांचं कपाट गेलं. साडेअकराला खोल्या मोकळ्या. ते घाम पुसत म्हणाले, "मला जायला हवं, पान लावायचंय." त्यांना तिसऱ्या पानावर परत घेतलं होतं, पोरीला जमेना म्हणून.

दुसऱ्या दिवशी बातमी आली, मोठी, गाडीपुढे बसलेल्यांचा फोटो अख्खा, न कापलेला. मी ऑफिसात फोन लावला. "छान छापलंत. आता लोकांनी गोळ्या कुठे आणायच्या तेही छापा."

पुढच्या दिवशी त्यांनी चौकट छापली: दवाखाना कुठे हलवला, वेळ काय, कुठल्या दिवशी कुठला डॉक्टर. सगळं अचूक. मी पुन्हा फोन केला आणि सरळ शिव्या घातल्या, की तिथे जायचं कसं ते कोण लिहिणार? त्या बसड्रायव्हरचा पाय अजून पूर्ण बरा नाही. फूटपट्टी म्हणाले, "बघून सांगतो." बघून म्हणजे खरंच बघून, सुटीच्या दिवशी स्वतः जाऊन आले. चौकट पुन्हा आली. त्यात खाली दोन ओळी जास्त होत्या: दोन बस बदलाव्या लागतात, दुसरी अर्ध्या तासाने मिळते, मधल्या थांब्यावर बसायला बाक नाही.